जिला हजेरीचं कार्ड नव्हतं

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम पाहणाऱ्या बाईंचा फोन आला. "सुनंदाताई, नोकरीतल्या काही गोड आठवणी लिहून द्या ना." मी म्हटलं, अहो, मी दवाखान्याच्या मनोविकार विभागात जन्म काढला, मिठाईच्या दुकानात नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, "मग जशा असतील तशा लिहा." आता आली का पंचाईत! जशा आहेत तशा आठवायच्या म्हटलं की माझं डोकं तापतं. तापलेल्या डोक्यानंच लिहायला बसले आहे. ज्यांना चकली खाता खाता काही हलकंफुलकं वाचायचं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

आधी आमचं काम काय होतं ते सांगते, कारण अर्ध्या भोपाळला अजून वाटतं की आम्ही वेड्यांना धरून न्यायचो. पिपलानीची वसाहत म्हणजे सगळा कारखान्याचा संसार. घर कारखान्याचं, शाळा कारखान्याची, दवाखानाही त्याचाच आणि सकाळ व्हायची तीसुद्धा कारखान्याच्या भोंग्यावर. त्या दवाखान्यात सोळा नंबरची खोली आमची. 'मनोविकार' हा शब्द कोणी तोंडातून काढायचं नाही. "सोलह नंबर का केस है" एवढं म्हणायचं आणि आवाज खाली आणायचा. खोलीत आम्ही तिघं. मी समाजसेविका, केरळच्या अन्नम्मा सिस्टर, आणि गाडी चालवणारे रफीकभाई. डॉक्टर आठवड्यातून दोनदा शहरातून यायचे. रजिस्टरमध्ये दीडएकशे नावं.

लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे रोग्याशेजारी बसून गोड गोड बोलणं. डोंबल! गाडी एक. दिवसाला घरं व्हायची पाच, फार तर सहा. रोज सकाळी साडेआठला आम्ही टेबलाशी बसायचो आणि आज कुणाकडे जायचं ते ठरवायचो. म्हणजेच आज कुणाकडे जायचं नाही तेही ठरवायचो, आणि खरी जोखीम त्यात असायची. भिंतीवर शाळेनं टाकून दिलेला एक फळा होता. त्यावर तीन रकाने आखलेले होते. 'आज', 'या आठवड्यात' आणि 'बघू'. 'बघू'मध्ये गेलेलं नाव तिथं महिनोन्महिने पडून राहायचं.

'आज'मध्ये कोण जाणार हे आम्ही ठरवतो, असं कागदावर होतं. खरं ठरवायचं कारखान्याची हजेरी ठेवणारं टाइम ऑफिस. रोज तिथून एक चिठ्ठी यायची. आमच्या रजिस्टरवर ज्याचं नाहीतर ज्याच्या घरच्या कोणाचं नाव आहे असा कुठलाही कामगार तीन दिवस कामावर आला नाही, की त्याचं नाव त्या चिठ्ठीत. लगेच गाडी काढायची, घरी जायचं, औषध सुरू आहे का बघायचं, समजूत घालायची. तो कामावर रुजू झाला की नाव पुसायचं. झाला बरा! कार्मिक विभागाचे एक साहेब आमच्यावर देखरेख ठेवायचे. नाव लिहीत नाही, साहेबच म्हणते. ते मला नेहमी ऐकवायचे, "मॅडम, आदमी मशीन पर खडा है, मतलब ठीक है." माणूस यंत्रापाशी उभा राहिला की संपलं. रात्री झोपतो का, जेवतो का, बायकोला ओळखतो का, याच्याशी कुणाला घेणं नाही.

त्या हजेरीची एक गंमत सांगते. गंमत म्हणायची, पण तेव्हाही मला हसू आलं नव्हतं. तिवारीजी नावाचे एक फिटर होते. त्यांचं मन कधीकधी असं उधळायचं की झोप नाही, थकवा नाही, नुसता उत्साह. असं झालं की ते भोंग्याच्या दोन तास आधी गेटवर हजर. स्वतःचं यंत्र पुसायचे, मग शेजारच्याचं, मग सगळ्या रांगेचं. फोरमन खूश. इकडे घरातली भांडीकुंडी त्यांनी सगळ्या ब्लॉकला वाटून टाकली होती, तिवारीभाभी एका कढईत सगळा स्वयंपाक करत होत्या, आणि तिकडे वार्षिक समारंभात तिवारीजींना उत्तम हजेरीचं भिंतीवरचं घड्याळ मिळालं! ते घड्याळही त्यांनी परत येताना बस कंडक्टरला देऊन टाकलं. आम्हाला कळलं ते भाभी रडत आल्या तेव्हा. टाइम ऑफिसची चिठ्ठी कशी येणार? माणूस तर हजर होता.

पण तिवारीजींना निदान हजेरीचं कार्ड होतं. आमच्या रजिस्टरमधली अर्धी नावं कामगारांच्या बायकांची नाहीतर आयांची होती. त्यांना कुठलं आलंय कार्ड? बाईनं पाच दिवस गॅस पेटवला नाही, तरी स्वयंपाकघरातून कुठल्याही ऑफिसात चिठ्ठी जात नाही. मी साहेबांना म्हटलं, या बायकांचं काय? त्यांनी चटकन एक फॉर्म छापून आणला. 'घरच्यांचा शेरा'. नवऱ्यानं दर महिन्याला 'प्रकृती ठीक' असं लिहून सही केली की त्या घरी जायची गरज नाही. गाडीच्या फेऱ्या वाचतात म्हणे! आजारी बाई, आणि ती कशी आहे हे विचारायचं तिच्या नवऱ्याला. मी दोन दिवस धुसफुस केली आणि तिसऱ्या दिवसापासून तोच फॉर्म वाटायला लागले. साहेबांना शिव्या घालताना ही गोष्ट मी सोयीस्कर विसरते, म्हणून आज मुद्दाम लिहिते आहे.

आता उषाबाईंचं सांगते. सगळं लिहायचं ते त्यांच्यासाठीच.

उषा पाध्ये. माहेर उज्जैनचं. नवरा मशीन शॉपमध्ये चार्जमन, एकुलती मुलगी इंदूरला कॉलेजच्या होस्टेलमध्ये. उषाबाईंना तरुणपणीच आजार जडलेला. कानात आवाज येत, लोक आपल्याविरुद्ध बोलतात असं वाटे. पण दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन घेतलं की बाई छान असायची. छान म्हणजे खरंच छान. पिपलानीतल्या निम्म्या पोरांच्या अंगात त्यांनी विणलेले स्वेटर होते. डिझाइन एकदा बघितलं की घरी जाऊन जसंच्या तसं उतरवायच्या. आमचा इंजेक्शनचा दिवस मंगळवार. पाध्ये त्यांना स्कूटरवरून आणायचे आणि बाहेर झाडाखाली उभे राहायचे. सोळा नंबरसमोरच्या बाकावर ते कधी बसले नाहीत.

त्या वर्षी पाध्यांच्या मुलीचं लग्न ठरवायचं चाललं होतं. स्थळ ग्वाल्हेरचं, तालेवार. मंगळवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात कोणी बघितलं, ग्वाल्हेरपर्यंत बातमी गेली, तर? पाध्यांनी उषाबाईंना आणणं बंद केलं. शेरा मात्र दर महिन्याला वेळेवर. 'प्रकृती ठीक', खाली टापटीप सही. अन्नम्मा सिस्टर असत्या तर त्यांनी लगेच पकडलं असतं, पण त्या आईच्या आजारपणात केरळला गेल्या होत्या. बदली आलेली मुलगी जो येईल त्याला इंजेक्शन द्यायची. कोण आलं नाही हे मोजायला तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ते सांगणं माझं काम होतं.

आणि पाध्यांच्या सहीवर मी विश्वास का ठेवला? कारण ते आपले! मराठी माणूस, गणपतीत आरतीला पुढे, मंडळाच्या नाटकात पेटी वाजवणार. एखाद्या यादव किंवा मिश्राच्या फॉर्मवर मला शंका आली असती तर मी शेजारी चौकशी केली असती. पाध्यांच्या बाबतीत मनात आलंच नाही. एवढं शिकून, एवढी नोकरी करून 'आपल्यातलेच आहेत' यावर मी माझा धंदा गुंडाळून ठेवला.

त्यात संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. मंडळाच्या हॉलमध्ये. उषाबाई काळी चंद्रकळा नेसून आल्या होत्या, केसांत गजरा. नणंद त्यांच्या कोपराला धरून उभी. मी कुंकू लावलं, तिळगूळ दिला, विचारलं, "काय उषाताई, बरं आहे ना?" उत्तर नणंदेनं दिलं, "अगदी छान आहे हो वहिनींचं." उषाबाई माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "घरी या ना एकदा." मी म्हटलं, "येईन हो, येईन." आणि पुढच्या बाईला कुंकू लावलं.

महिनाअखेरीचा अहवाल भरताना घरभेटी एकानं कमी पडत होत्या. मी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, 'उषा पाध्ये. भेट झाली. प्रकृती ठीक.' हळदीकुंकू मी घरभेट म्हणून लावलं! खोटं लिहितेय असंही तेव्हा वाटलं नाही. भेट झाली होती, बाई नटूनथटून आली होती, बोलली होती. आता ते अक्षर आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

होळीच्या आधी सिस्टर परत आल्या. पहिल्याच मंगळवारी दुपारी त्यांनी इंजेक्शनची वही माझ्यासमोर आपटली.

"मॅडम, पाध्ये की वाइफ तीन बार से नहीं आयी."

मी म्हटलं, "मी भेटले होते ना तिला. ठीक आहे ती."

"कहाँ मिले?"

मी सांगितलं. सिस्टरांनी चष्मा काढला. "मॅडम, हल्दी-कुंकू से इंजेक्शन नहीं होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर 'आज'मध्ये पहिलं नाव त्यांनी स्वतः लिहिलं. रफीकभाईंनी विचारलं, "गाडी दूध के बूथ पे लगाऊँ?" कारण आमची गाडी कुणाच्या दारात थांबली की सगळा ब्लॉक खिडकीत यायचा, म्हणून आम्ही ती लांब उभी करायचो. आम्ही निघणार तेवढ्यात साहेबांचा फोन. तिकडे शहरात, चार इमलीत एका बड्या अधिकाऱ्याच्या सासूबाईंना बघून यायचं. आत्ताच्या आत्ता. मी म्हटलं, "सर, त्या आपल्या वसाहतीतल्या नाहीत, आमच्याकडे तातडीची केस आहे." ते म्हणाले, "कौनसी अर्जेंट केस? टाइम ऑफिस की लिस्ट में तो कोई नहीं है." मी नाव सांगितलं. तिकडे कागद उलटल्याचा आवाज. "इनके हजबंड का रिमार्क है, ठीक. आपकी खुद की एंट्री है, ठीक. तो?"

सिस्टर म्हणाल्या, मी एकटी बसनं जाते. पण नर्सनं एकटीनं घरी जायचं नाही असा नियम होता, आणि मी नियमाची मोठी भोक्ती! मी म्हटलं, "एका दिवसानं काय होतंय, सिस्टर? उद्या पहिलं तिथंच जाऊ."

चार इमलीतल्या बंगल्यात काय आजार होता माहीत आहे? आजींना रात्री झोप येत नव्हती, कारण त्या दुपारी तीन तास झोपायच्या. एवढंच! त्यासाठी दोन तास आम्ही हिरवळीवर बसलो. काजू आले, सरबत आलं, त्यांच्या गुलाबांची नावं ऐकून झाली. सिस्टरांनी कशालाही हात लावला नाही. मी काजू खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला पाध्यांच्या क्वार्टरशी पोचलो तर दाराला बाहेरून कुलूप. मी परत वळणार होते. सिस्टर मागच्या बाजूला गेल्या आणि तिथून त्यांनी मला हाक मारली. मागच्या खोलीच्या खिडकीची काच फुटलेली, तिथं पुठ्ठा लावलेला. पुठ्ठ्याच्या फटीतून उषाबाई दिसत होत्या. उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. केस मोकळे, ओठ सुकलेले. मला बघून म्हणाल्या, "चावी ह्यांच्याकडे असते."

शेजारची बाई दोरीवर कपडे घालत होती. मी विचारलं, हे कुलूप कधीपासून? "वो तो रोज लगा के जाते हैं, बहनजी. कल दोपहर को काँच टूटने की आवाज आयी थी." म्हटलं, तुम्हाला कोणाला कळवावंसं वाटलं नाही? "किसी के घर का मामला है, हम क्या बोलें?" मी तिच्यावर असं ओरडले की तिच्या हातातली बादली पडली. तिला ओरडायचा मला काय अधिकार होता, हा प्रश्न मला संध्याकाळी पडला.

काल दुपारी बाराच्या सुमाराला उषाबाईंनी बाहेर पडायला काचेत हात घातला होता. मी गुलाब बघत होते ती वेळ. पाध्ये पाच वाजता घरी आले तोवर बाई टॉवेल गुंडाळून बसून होती. मग ते तिला कुठे घेऊन गेले? स्कूटरनं दहा मिनिटांवर आमचा दवाखाना. तिथं नाही नेलं. स्कूटरवर बसवून पार जवाहर चौकात एका खासगी डॉक्टरकडे नेलं. आमच्या दवाखान्यात नेलं असतं तर सोळा नंबरला कळलं असतं ना! त्या डॉक्टरनं वरची कातडी शिवून दिली. आत बोटांच्या शिरा तुटल्यात हे त्यानं बघितलंही नाही.

रफीकभाई गेटवर जाऊन पाध्यांना घेऊन आले. त्यांनी कुलूप काढलं. मी त्यांची गचांडी धरायचीच बाकी ठेवली होती. "अहो, माणूस आहात की कोण? बायकोला कोंडून तुम्ही कामावर जाता? रजा टाकता येत नव्हती?"

पाध्ये दारातच खाली बसले. म्हणाले, "तीन दिवस रजा टाकली असती तर माझं नाव चिठ्ठीत गेलं असतं. तुमची गाडी दारात आली असती, मॅडम. म्हणून एक दिवसही चुकवला नाही."

आमची यादी चुकवायला त्या माणसानं कुलूप लावलं होतं. माझा पाध्यांवरचा राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही. पण तो एकट्या पाध्यांवर काढायची सोय त्या वाक्यानं माझ्यापासून काढून घेतली.

आमच्या सर्जननी हात उघडून पुन्हा शिवला. म्हणाले, त्याच दिवशी आणलं असतं तर बोटं वाचली असती. अंगठ्याशेजारची दोन बोटं कायमची ताठ राहिली. इंजेक्शन सुरू झाल्यावर दोन महिन्यांत उषाबाईंचं मन ताळ्यावर आलं, पण सुई काही हातात धरता येईना. वॉर्डात त्या मला एवढंच म्हणाल्या, "मी तुम्हाला घरी बोलावलं होतं. तुम्ही कायम ह्यांनाच विचारत होतात. मला कधी विचारलंत?"

मग झाली चौकशी. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं, रजिस्टर मागवलं आणि माझ्या नोंदीवर बोट ठेवून चक्क हसले. "देखिए, जनवरी में विजिट हुई है. डिपार्टमेंट सेफ है. वेल डन, मॅडम." माझ्या खोट्या ओळीवर शाबासकी! माझं सारं अंग पेटलं. मी तिथंच पेन काढलं, ती ओळ खोडली, बाजूला लिहिलं, 'ही भेट झालेली नाही. मंडळाच्या हळदीकुंकवात पाहिले होते', आणि खाली सही केली. साहेबांचा चेहरा उतरला. लेखी खुलासा मागितला गेला, गोपनीय अहवालात शेरा आला, बढती राहिली ती राहिलीच. त्याचं दुःख नाही. दुःख याचं की 'घरच्यांचा शेरा' हा फॉर्म बंद करायला त्यानंतरही मला वर्षभर भांडावं लागलं. रोग्याला महिन्यातून एकदा एकट्यानं, घरच्यांना बाहेर बसवून भेटायचं, एवढी साधी गोष्ट. त्यासाठी अर्ज, बैठका, टोमणे. "मॅडम को नेतागिरी करनी है." हो, करायची होती!

'बघू'चा रकाना मात्र सिस्टरांनी कोणाला न विचारता ओल्या फडक्यानं पुसून टाकला. त्या जागी रोज सकाळी ज्यांना आपण बरेच दिवस बघितलं नाही अशी दोन नावं लिहायची, आणि काहीही होवो, त्यातल्या एकाकडे जायचंच. पुढच्या बदलीच्या साहेबांनी चार इमलीची फर्माईश केली तेव्हा मी म्हटलं, गाडी दुरुस्तीला गेली आहे. रफीकभाईंनी लगेच बॉनेट उघडलं.

ग्वाल्हेरचं स्थळ गेलं. पाध्यांच्या मुलीनं पुढे स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं आणि आईचा आजार मुलाला आधीच स्वतः सांगितला. बापाला जे जमलं नाही ते पोरीनं केलं.

उषाबाई त्यानंतर इंजेक्शनला एकट्या यायला लागल्या, सिटी बसनं. सोळा नंबरसमोरच्या बाकावर अगदी पुढे बसायच्या. एका मंगळवारी मंडळातल्या जोशीवहिनी रक्त तपासायला आल्या होत्या. व्हरांड्यात थांबून म्हणाल्या, "अय्या, उषा, तू इथे कशी?" मी दारातच उभी होते. वीस वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "बीपी दाखवायला आल्यात हो त्या."

उषाबाई बाकावरून उठल्या. जोशीवहिनींना म्हणाल्या, "बीपी नाही. मला डोक्याचं इंजेक्शन लागतं. चुकलं की त्रास होतो." मग माझ्याकडे वळल्या.

"आजारी मी आहे, सुनंदाताई. तुम्ही का लाजता?"